समोरच्या बाजूचे वकील

देवानं माणसाला दोन कान दिले ते दोन्ही बाजू ऐकण्यासाठी, असं म्हणतात; पण हे खरोखर मनावर घेणारा माणूस मराठवाड्यात एकच जन्मला, आणि तो नेमका माझा साडू झाला.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, हे यजमान पुष्कळ वर्षं नांदेडच्या कोर्टात वकिली करत होते. बोलणं गोड, कायदा तोंडपाठ, आवाज असा की शिपायानं पुकारा करायची गरज नाही. घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. समोरच्या वकिलाचा मुद्दा चांगला असला की यांना राहवत नसे. एकदा भोकरकडच्या बांधाच्या भांडणात समोरचा नवशिका वकील गांगरून गप्प झाला. आमचे साडू उठले, "यांना म्हणायचंय ते असं," म्हणाले, आणि त्याचा मुद्दा त्याच्याहून झकास मांडून खाली बसले. यांचा पक्षकार व्हरांड्यात यांचा कोट धरून म्हणाला, "साहेब, वकीलपत्र मी दिलं हाय अन् तुम्ही त्येच्याकडून बोलून राहिले!" साडू म्हणाले, "अरे, पण त्याचं खरं होतं ना!" त्या दिवशी काळा कोट खुंटीला लागला तो लागलाच. 'बरं झालं' असं सगळ्यात आधी त्यांचे पक्षकार म्हणाले.

मग ते लातूरला आले आणि तत्त्वज्ञान शिकवू लागले. वकिली करता करताच त्यांनी त्या विषयाची पदवी घेऊन ठेवली होती, हे आक्कालाही तेव्हाच कळलं. ज्या गावात गल्लोगल्ली पोरं डॉक्टर व्हायला येऊन राहतात तिथं तत्त्वज्ञान शिकवणं म्हणजे मे महिन्यात रजया विकायला बसणं. कॉलेजात तासिकेवर नेमणूक, वर्गात बोटांवर मोजण्याइतकी डोकी. यांनी वर्गाचंच कोर्ट केलं. आत्मा आहे म्हणणारे या बाकांवर, नाही म्हणणारे त्या. अर्धा तास झाला की बाजू बदलायची. भांडण इतकं रंगायचं की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी येऊन उभी राहायची. एका मुलीनं शेवटी कंटाळून विचारलं, "सर, पण आत्मा आहे का नाही?" तर म्हणाले, "मला ठाऊक असतं तर तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलं असतं का?" पुस्तकही लिहिलं त्यांनी. त्याच्या शेवटच्या प्रकरणात आधीची सगळी प्रकरणं स्वतःच खोडून काढली आहेत. प्रकाशकानं कपाळाला हात लावला. मी ते वाचलं आहे, आणि अर्ध्यावर थांबलं तर फार पटतं.

हे सगळं लांबून बघायला मजेचं होतं. गेल्या माघात मात्र गोष्ट घरावर आली. साडूंच्या एकुलत्या एका मुलीला अर्धापूरचं स्थळ आलं. आलं म्हणजे काय, दोघं लातूरच्या एकाच बँकेत, त्यांनी आपसात ठरवलंच होतं. आता चार वडीलधाऱ्यांनी बसून यादी करायची, म्हणजे लग्न पक्कं करायचं, तेवढंच उरलं होतं. मुलाचे वडील केळीचे बागायतदार, शब्दाचे पक्के आणि तितकेच कडक. एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी नाही. आदल्या दिवशी पोरीनं मला बाजूला घेतलं. "काका, उद्या बाबांना बोलू देऊ नका हो. ते बोलायला लागले की माझं लग्न मोडलंच समजा."

मी शब्द दिला. पण पोह्यांच्या बश्या उचलल्या न उचलल्या तोच साडू सतरंजीवर सरसावून बसले. "तुमच्या बाजूनं विचारणारं कुणी दिसत नाही, तेव्हा मीच सांगतो," ते म्हणाले. "मुलगी तापट आहे. सकाळी तिला उठवायला दोन माणसं लागतात. तिची भाकरी कधी गोल झालेली मी पाहिली नाही. आणि पटल्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही, तुमचंही ऐकणार नाही." मी चिमटा काढला. आक्का दारातून म्हणाली, "अहो, पुरे की आता!" पण गाडी उताराला लागली होती. बागायतदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. गेलं स्थळ, असं मी मनाशी म्हटलं आणि आतल्या दाराकडे बघायचंच टाळलं.

"झालं तुमचं?" बागायतदार म्हणाले. "आता माझं ऐका. पोरगं लई चिडखोर हाय. घरात चहाचा कप बी उचलत न्हाई. अन् घोरतं असं की शेजारी उठून बसतेत." मुलाचा मामा "दाजी, दाजी" करत आवरायला लागला, तर त्यालाच म्हणाले, "तुम्ही बसा हो गप! हे खरं बोलून राहिले, मग मी काहून लपवू?" आणि मग दोघे बाप आपापल्या लेकरांचे दोष सांगण्यात असे रंगले की चहा पुन्हा टाकावा लागला. शेवटी बागायतदार मांडीवर थाप मारून म्हणाले, "हाव, सोयरा असाच पायजे. लिव्हा यादी." मी लगबगीनं वही-पेन आणायला उठलो. पोरगी बाहेर आली ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

पाहुणे गेल्यावर साडू अंगणात खुर्ची टाकून एकटेच बसले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "वकीलसाहेब, सुटलो बघा आज. ते उठून गेले असते म्हणजे?"

"एका मनाला तेच वाटत होतं, राजाभाऊ," ते म्हणाले. "जन्मभर कधी एकाच बाजूनं बोललो नाही. आज बोललो. म्हटलं, मोडलंच तर पोरगी अजून थोडे दिवस घरात राहील." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले. "पण काय करता, माणसं फारच चांगली निघाली हो."

आतून पोरीचं फोनवर बोलणं, मधूनच हसणं ऐकू येत होतं. ते ऐकत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.