गणिताचा तास सोडताना

हैदराबादेत दिलसुखनगरला मेट्रोच्या पुलाला लागून एक चपलांचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर माझा क्लास. इंटरची, म्हणजे अकरावी-बारावीची मुलं येतात. फिजिक्स आणि केमिस्ट्रीला पगारी शिक्षक होते, गणित मात्र मी स्वतः घेत असे. त्याला कारण आमचं घर. आजोबा मास्तर, बाबा सरकारी हायस्कुलात हेडमास्तर होऊन रिटायर झालेले. बाबांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "शिकवतो तो मास्तर, बाकीचे सगळे गुमास्ते." मी नोकरी न करता क्लास काढला हे त्यांना कधी फारसं रुचलं नाही. पण मी खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभा राहतो, एवढ्यावर त्यांनी ते चालवून घेतलं होतं. मीही घेतलं होतं.

मग मुलं कमी व्हायला लागली. वर्गातले मागचे बाक रिकामे दिसू लागले, तेव्हा मी माझ्या मामेबहिणीला फोन केला. ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. छोट्या धंदेवाल्यांकडे जाऊन बसायचं, मालक कशात तरबेज आहे आणि कशात उगीच अडकून पडलाय ते बघायचं, आणि अडकलेलं काम दुसऱ्याच्या हाती द्यायला लावायचं, हा तिचा व्यवसाय. अफझलगंजच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याला तिने गल्ल्यावरून उठवलं होतं. त्या माणसाला नुसत्या वासावर मिरची ओळखता यायची, आणि तो दिवसभर पावत्या फाडत बसलेला असायचा.

"माझं सगळं डोकं लाइटबिल, बॅनर आणि पालकांशी बोलण्यात जातं," मी तिला म्हणालो. "हे कुणाच्या तरी गळ्यात घालून दे. मला नुसतं शिकवू दे."

"आधी आठवडाभर येऊन बसते, दादा," ती म्हणाली. "मग बोलू."

ती आली. कधी मागच्या बाकावर, कधी जिन्यात, कधी माझ्या टेबलाशेजारी बसायची. ती बघतेय म्हणून मी जरा जास्तच नीटनेटकं शिकवलं. फळा भरून टाकायचो, एक पायरी गाळायचो नाही. वर्ग असा शांत की पंख्याचा आवाज ऐकू यावा. माझ्या तासाला कुणी शंका विचारत नसे, आणि याचा मला अभिमान होता. मला वाटायचं, इतकं स्वच्छ सांगितल्यावर विचारायला उरतंय काय?

त्याच आठवड्यात एका मुलीचे वडील तणतणत जिना चढून वर आले. कुटुंब नांदेडकडचं, ते स्वतः एका हॉस्पिटलात स्टोअर सांभाळणारे.

"सर, पोरगीला काढायलोय मी. रोज घरी रडायली. गणित नक्को म्हणते."

मी त्यांना जिन्यातच स्टूल दिलं, चहा मागवला. पोरगी घरी कुठे बसून अभ्यास करते ते विचारलं. एकच खोली, त्यात टीव्ही, त्यात आजारी आजी. मी म्हटलं, क्लास सुटल्यावर तिला इथेच बसू द्या, मी आठपर्यंत असतोच, जाताना तुम्ही घेऊन जा. मग ते त्यांच्या गावाबद्दल बोलले, दहावीनंतर स्वतःचं शिक्षण कसं सुटलं ते बोलले. जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मुलगी राहिली. मला ते सगळं वेळेची नासाडी वाटलं. तेवढ्या वेळात एक प्रकरण शिकवून झालं असतं.

शनिवारी दुपारी रिकाम्या वर्गात बहीण माझ्यासमोर बसली. मी तयारीत होतो. ऑफिससाठी माणूस ठेव म्हणेल, किती पगाराचा ते विचारायचं होतं.

"तुझं सगळ्यात चांगलं काम कुठलं, दादा?"

"शिकवणं."

ती बाकावर कुणीतरी कर्कटकाने कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

"तास संपला की मुलं जिन्यात फिजिक्सच्या मॅडमभोवती जमतात," ती म्हणाली. "बघितलंयस?"

"गप्पा मारतात. तरुण आहे ती, मुलांना आवडते."

"गप्पा नाही मारत. तुझं गणित विचारतात तिला. ती तिथेच वहीच्या पाठीवर पुन्हा शिकवते. तिने तुला सांगितलं नाही, कारण तू मालक आहेस."

मी म्हटलं, एखाद्या दिवशी झालं असेल. ती म्हणाली, रोज होतं. मी म्हटलं, हल्लीच्या मुलांना मेहनत नको असते. त्यावर ती उघड्या दारातून जिन्याकडे बघू लागली. तेवढ्याने माझे कान तापले. पन्नाशी उलटलेला माणूस मी, आणि परीक्षेत कॉपी करताना धरलेल्या पोरासारखा बसलो होतो.

"ती नांदेडची मुलगी रडत होती ती तुझ्या तासामुळे," बहीण शेवटी म्हणाली. "आणि राहिली ती तुझ्यामुळे. पालकांशी तेलुगूत बोलतोस, हैदराबादीत बोलतोस, मराठीत बोलतोस, आणि माणूस शांत होऊन जातो. पोराला काय टोचतंय हे तुला कळतं. हे इथे दुसऱ्या कुणाला जमत नाही. गणित फिजिक्सच्या मॅडमकडे दे."

"म्हणजे मी गुमास्ता."

"मी असं म्हटलं नाही."

"बाबा म्हणतील."

"मामांना मी सांगू का?" तिने विचारलं. बाबा तिच्या आत्याचे यजमान, पण ती लहानपणापासून त्यांना मामाच म्हणते. मी नको म्हणालो.

पुढच्या महिन्यापासून गणित मॅडमकडे गेलं. मी तिला बोलावून सांगितलं तेव्हा तिने मान खाली घातली, आणि माझ्या लक्षात आलं की लाज तिलाही वाटतेय, माझ्या वतीने. ते सगळ्यात वाईट होतं. पहिल्या दिवशी तास सुरू झाला तेव्हा मी बाहेर टेबलाशी बसलो होतो. आतून आवाज यायला लागला. "मॅडम, ये कैसे आया?" "मॅडम, मळ्ळी चेप्पंडी." परत सांगा, परत सांगा. मग हशा. मग पुन्हा कुणीतरी विचारत होतं. वर्षानुवर्षं मी ज्याला शांतता समजत होतो ती काय होती, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. मी उठून खाली गेलो आणि चपलांच्या दुकानासमोर उगीच उभा राहिलो. दुकानदाराने विचारलं, "क्या साब, छुट्टी?" मी हौ म्हणालो.

घरी बाबा रोज जेवताना विचारत, "आज काय घेतलंस?" मी सांगायचो, "इंटिग्रेशन चाललंय." ते चाललेलं होतंच, मी ते घेत नव्हतो एवढंच. बायको माझ्याकडे न बघता भाजी वाढायची. काही दिवसांनी बाबांनी विचारणं बंद केलं. शेजारच्या घरातला एक मुलगा आमच्याकडे येतो, त्याने सांगितलं असणार. न विचारता जेवणारे बाबा मला सहन होईनात. एका रविवारी सकाळी ते पेपर वाचत असताना मी सगळं सांगून टाकलं. जिन्यातल्या वह्यांसकट.

त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मला वाटलं, आता ते वाक्य येणार.

"त्या बाई कशा शिकवतात ते मला बघायचंय," ते म्हणाले.

मी त्यांना घेऊन गेलो. जिना चढताना ते दोनदा थांबले. मॅडम त्यांना बघून गडबडली, पण त्यांनी हाताने चालू द्या अशी खूण केली आणि मागच्या बाकावर बसले. दाराच्या फटीतून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. पुढे झुकलेली, पानात काही वाढलं जाताना झुकतात तशी. मधेच एक आई आली, मुलाच्या मोबाइलपायी हैराण झालेली. मी तिच्याशी बोलत बसलो, पण माझं लक्ष त्या पाठीकडे होतं.

परतताना रिक्षात ते मलकपेटपर्यंत बाहेरची दुकानं बघत होते. मग म्हणाले, "चांगलं शिकवतात. मला असं कुणी शिकवलं नाही. मीही नाही."

मला काहीतरी म्हणायचं होतं. तुम्ही चांगले मास्तर होता, असं. तुमचे विद्यार्थी अजून रस्त्यात वाकून नमस्कार करतात, असं. पण ते वाक्य तोंडातून निघेना, कारण ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. कळत्या वयात मी त्यांच्या वर्गात कधी बसलो नव्हतो, आणि ते माझ्या.

"परत येऊ का?" त्यांनी विचारलं. "मी मधे बोलणार नाही."

एवढ्या वर्षांत माझ्या तासाला येऊन बसावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. हे मनात आलं, आणि ऐंशीच्या पुढच्या बापाबद्दल असं मनात यावं याची पुन्हा लाज वाटली. "या," मी म्हणालो.

आता ते शनिवारी येतात. मुलं त्यांना तातगारू, म्हणजे आजोबा, म्हणतात आणि बाकाच्या कडेला सरकून जागा करून देतात. क्लास बरा चालू आहे. बहिणीचं म्हणणं बरोबर निघालं आणि मी तिला तसं सांगितलंही, पण ते सांगताना मी खिडकीतून बाहेर बघत होतो. बाबांचा कोपर धरून मी त्यांना जिन्याने वर आणतो, वर्गाच्या दारापर्यंत सोडतो. आत फळ्यावर कालचं गणित अर्धवट पुसलेलं असतं. मी उंबऱ्याच्या आत जात नाही. बाहेर कुणीतरी वाट बघत असतं. परवा एक रिक्षावाला होता, मुलगा दोन दिवस जेवला नाही म्हणून आलेला. मी स्टूल पुढे ओढलं आणि म्हटलं, बसा.