सुई दिसली की प्रल्हादभाऊ गायब!

आमच्या लॅबमध्ये रक्ताच्या प्रत्येक नळीला जागा ठरलेली असते. स्टिकर, कोड, रॅक आणि मग उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर. किश्श्यांची मात्र अशी काही सोय नाही. ते जीपमध्ये साठतात, टिफिन उघडला की बाहेर पडतात, आणि दर दौऱ्याला त्यात दोन-चार नव्यांची भर पडतेच. जळगावहून निघालो की पारोळा येईपर्यंत आम्ही जुने उगाळून घेतो, म्हणजे परतीच्या वाटेवर नव्यांना जागा होते!

आधी काम काय ते सांगते. अल्झायमर, म्हणजे माणसाला हळूहळू सगळ्याचा विसर पाडणारा आजार, बहुतेकांना म्हातारपणी होतो. पण काही थोड्या घराण्यांत तो पन्नाशीच्या आसपासच येतो आणि पिढ्यानपिढ्या येत राहतो. एका जीनमधला बदल आईकडून किंवा वडिलांकडून मुलांत उतरतो, प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. अशी घराणी शोधायची, वंशावळ काढायची, रक्त गोळा करायचं. हात थरथरणं, चालताना तोल जाणं असे घरात चालत आलेले इतर आजारही बघायचे.

टीम तिघांची. न्यूरोलॉजिस्ट सरोज मॅडम, पुण्याच्या, तोलून बोलणाऱ्या. रक्त काढणारा योगेश, भुसावळचा, अजिबात न तोलता बोलणारा. आणि मी काउन्सेलर. लोकांशी बोलायचं आणि वंशावळीचं झाड काढायचं, हे माझं काम.

तर झाडापासूनच सुरुवात करू.

*

वंशावळीत बाईला गोल आणि पुरुषाला चौकोन. ज्याला आजार, त्याचा चौकोन काळा करायचा. रावेरकडे एका केळीवाल्यांच्या घरी मी असा मोठा कागद पसरून बसले होते. घरातले एक काका बराच वेळ माझ्या पेनाकडे बघत होते. शेवटी राहवलं नाही.

"ताई, आमच्या आबांना काळं का केलं?"

"आजार होता ना त्यांना, म्हणून."

"ते ठीक आहे. पण माणूस एकदम गोरापान होता हो!"

मी समजावलं, त्यांनी मान हलवली, पटलं मात्र काडीचं नाही. पुढे तर आणखी मजा. धाकट्या सुनेबद्दल विचारलं तर ती सासूच्या भावाची मुलगी निघाली. थोरली सून तिची मावसबहीण. त्यांच्या नणंदेला दिलं होतं ते परत थोरलीच्याच माहेरी. मी रेघा मारतेय, खोडतेय, पुन्हा मारतेय. शेवटी घरातल्या अक्का, वय सगळ्यांत जास्त आणि जीभ सगळ्यांत धारदार, कागदावर वाकल्या.

"हे झाड हाये का बाजेची वीण हाये व माय?"

तो कागद मॅडमनी लॅबच्या भिंतीवर लावलाय. पाहुणे आले की आधी तोच दाखवतात.

*

स्मरणशक्तीची चाचणी एकांतात घ्यावी, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणारा कधी आमच्याकडच्या ओट्यावर बसलेला नसतो.

पेशंटला तीन शब्द सांगायचे, मध्ये दुसरं काहीतरी विचारायचं, मग ते तीन शब्द परत विचारायचे. आमचे शब्द होते विहीर, चष्मा, गूळ. पहिल्या घरी मॅडमनी विचारलं, "मगाशी काय सांगितलं होतं?" आणि पेशंटने तोंड उघडायच्या आत अख्खी गल्ली ओरडली, "विहीर, चष्मा, गूळ!" दुसऱ्या घरी तर आम्ही शब्द सांगायच्या आधीच आजोबांनी म्हणून दाखवले. वर, "अजून विचारा!"

मॅडमनी पुढच्या दौऱ्याला शब्द बदलले. तर शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून उभ्या.

"असं कसं चालेल मॅडम? न सांगता सिलॅबस बदलला?"

*

आता प्रल्हादभाऊंची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढे बराच वेळ त्यांच्याच मागे धावायचं आहे.

शिंदखेड्याजवळच्या एका गावात कापूस-मिरचीवाल्यांचं एक घर. थोरले निंबादादा. यांचे वडील पन्नाशीला येता येता विसरायला लागले, मग आत्या, आणि मग दादा स्वतः. दादांच्या रक्तात आम्हाला एका जीनमध्ये बदल सापडला. पण हा बदल आधी कुठे कोणाला दिसलेला नव्हता. तोच दोषी की नुसताच तिथे हजर, हे कसं ठरवणार? त्यासाठी त्याच घरातलं, आजाराचं वय ओलांडलेलं आणि तरी ठणठणीत असलेलं माणूस हवं. त्याच्याकडेही बदल सापडला तर बदल निर्दोष. नाही सापडला तर संशय बळावतो.

असं माणूस एकच होतं. दादांचे धाकटे भाऊ प्रल्हाद. साठीला टेकलेले, पांढऱ्या मिशा, तल्लख असे की योगेशच्या बायकोचं माहेरही त्यांच्या लक्षात. दादांचा मुलगा दीपक आमच्या मागेच लागला होता. त्याला स्वतःचं काय ते जाणून घ्यायचं होतं. त्याची मुलगी अजून शाळेतही जात नव्हती. पण काकांचं रक्त मिळेपर्यंत त्याला पक्कं उत्तर देणं आम्हाला शक्य नव्हतं.

आणि काका? आम्ही आलो की जीपचं दार तेच उघडणार. सगळ्या भाऊबंदांना हाका मारून तेच गोळा करणार. चहा, सतरंजी, पंखा, सगळं तेच बघणार. योगेशने सुईचं पाकीट फाडलं की गायब!

पहिल्यांदा अहिराणीत म्हणाले, "आज जेवण झालं मनं," म्हणजे माझं.

"भाऊ, याला उपाशी राहावं लागत नाही," योगेश म्हणाला.

पुढच्या वेळी म्हणाले, "आज एकादशी शे, अंगमा ताकद नही." त्याच्या पुढच्या वेळी मंगळवार होता आणि मंगळवारी त्यांच्यात रक्त देत नाहीत म्हणे. आम्ही मुद्दाम बुधवारी गेलो, तर स्वारी मोटर दुरुस्तीला शेतात!

योगेशने निदान करून टाकलं. "मॅडम, मिशा मोठ्या, पण काका सुईला टरकतात."

*

प्रल्हादभाऊ सापडेपर्यंत वरणगावचा किस्सा ऐका.

तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक आजोबा. बायको घेऊन आली, म्हणाली, हल्ली विसरतात. मॅडमनी जुन्या आठवणींपासून सुरुवात केली.

"काका, नोकरी कुठल्या विभागात होती?"

"सांगता येणार नाही."

मॅडमनी लिहिलं, आठवत नाही.

"बरं, काम काय करायचात?"

"सांगता येणार नाही."

"सोबत कोण होतं, एखादं नाव?"

आजोबांनी मॅडमना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोणाच्या वतीनं चौकशी करताय?"

मॅडमचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी काकूंना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "हे असं कधीपासून?"

काकू म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हापासून!"

*

साक्रीकडच्या डोंगरातलं गाव. छापील चाचणीत एक प्रश्न असतो, आत्ता आपण कितव्या मजल्यावर आहोत? शहरातल्या हॉस्पिटलात तो बरोबर असेल. मॅडम नियमाला पक्क्या, छापलंय ते विचारणारच. समोर शेणानं सारवलेली जमीन, वर पत्रे, दारात दोन बकऱ्या.

"बाबा, आपण कितव्या मजल्यावर आहोत?"

बाबांनी वर पाहिलं. खाली पाहिलं. बकऱ्यांकडे पाहिलं. मग आतल्या बाईला हाक मारली.

"यास्ले आगोदर पानी दे व. ऊन लागनं वाटस!"

*

लग्नाच्या वयाची मुलगी घरात असली की त्या घरात कोणालाच कसलाही आजार नसतो. यात हसण्यासारखं काही नाही, मला त्या बायांचा राग येत नाही. घराण्यात आजार आहे असं एकदा गावभर झालं की स्थळं येणं बंद, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून अशाच एका घरी आम्ही दारात उभ्या असलेल्या वहिनींचं "आमच्यात तसं कोणी नाही" मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि परत फिरलो.

जीपपाशी एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा सदरा, टोपी, हसरा चेहरा. "हायवेला जायचं? चला, मी रस्ता दाखवतो," म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसलेसुद्धा. आवाजात असा भरवसा की योगेशने मोबाइलमधला नकाशा बंद केला.

"डावीकडे घ्या." घेतलं. "आता मारुतीवरून." घेतलं. "उजवीकडे." तेही घेतलं. पुन्हा मारुती आला. योगेश म्हणाला, गावात दोन मारुती दिसतात. तिसऱ्यांदा मारुती आला तेव्हा मॅडमनी हळूच माझ्याकडे पाहिलं. शेवटी गृहस्थ म्हणाले, "हां, इथंच थांबवा!" जीप थांबली ती त्याच दारात.

वहिनी अजून तिथेच उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पुढच्या सीटवरच्या आपल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि पदरानं कपाळ पुसलं.

"या," म्हणाल्या. "आता चहाच घ्या."

*

प्रल्हादभाऊंचं खरं काय ते मला त्यांच्या बायकोमुळे कळलं. मी सुईच्या भीतीचा विषय काढला तर त्या हसायलाच लागल्या. "आवं, साप चावला तेव्हा एकटेच दवाखान्यात गेले, सुया टोचून घेतल्या आणि घरी येऊन म्हशीची धार काढली!"

मग मी भाऊंना गाठलं. मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या हलवत होते. म्हटलं, भाऊ, द्यायचं नसेल तर देऊ नका, नाही म्हणायचा तुमचा पूर्ण हक्क आहे. पण एकादशी पुरे झाली.

त्यांनी हातातल्या मिरच्या पसरल्या. मग म्हणाले, "ताई, मनं चांगलं निंघनं, म्हंजे दादानं वाईट पक्कं व्हयी. मी कसाले पक्कं करू?" त्यांचं चांगलं निघालं की दादांच्या रक्तातला दोष पक्का, हे त्यांनी आधीच ताडलं होतं.

मी लोकांना समजावायचा पगार घेते. पण त्या दिवशी मीही मिरच्या हलवू लागले आणि दोन दिवस डोळे चोळत बसले.

*

आणि आता हा शेवटचा, आमच्यातला सगळ्यात भारी. जीपमध्ये हा सांगायची वेळ आली की योगेश गाणी लावतो, म्हणून इथे लिहून टाकते.

त्या घरी आमचा शेवटचा दौरा होता. निंबादादा बाजेवर बसलेले. त्यांचं बोलणं तोवर जवळजवळ थांबलं होतं. बायकोला ते माय म्हणायचे आणि दीपकला पाहुणा समजून "बसा" म्हणायचे. दीपकचं रक्त काढून झालं, त्याच्या बहिणीचं झालं, चुलतभावांचं झालं. प्रल्हादभाऊ चहाचे कप गोळा करत होते.

योगेशने सवयीनं विचारलं, "कोण राहिलं?"

सगळ्यांच्या माना एकदमच प्रल्हादभाऊंकडे वळल्या. दीपकचीही वळली, आणि त्यानं ती लगेच खाली घातली. मी म्हणणार होते, राहू द्या, कोणी राहिलं नाही.

तेवढ्यात दादा उठले. योगेशच्या हातातली सुई बघितली, प्रल्हादभाऊंना बघितलं, आणि दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले. सदऱ्याची बाही वर सारली. स्वतःचा हात योगेशच्या पुढे धरला.

"त्यानं नको ले," म्हणाले. "मनं ले. तो धाकला शे."

योगेशने मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

प्रल्हादभाऊंनी कप खाली ठेवले. दादांना वळसा घालून बाजेवर बसले आणि आपला हात पुढे केला. दादाही त्यांना खेटून बसले. एका तळव्यानं भाऊंचे डोळे झाकले आणि योगेशला दम भरला.

"हळू टोच रे, हळू! रडस तो!"

योगेशने अगदी हळू टोचलं. तरी प्रल्हादभाऊ रडलेच.