शेपटीवरचे चार ठिपके

"मावशी, हा फोटो जत्रेतला तर नाही ना?"

वरसे गावच्या यशोदामावशींनी माझ्यापुढचा चहा चार बोटं मागे ओढला. "तुमी पण तेच बोला."

फ्रेममध्ये त्यांचे वडील शिपायाच्या गणवेशात उभे होते. मागे विमान. गावच्या शाळेपुढे महायुद्धात लढलेल्यांच्या नावांचा दगड बसणार होता आणि वडिलांचे कागद पुरात गेले होते. कमिटीचं म्हणणं, हा माणूस पुण्याच्या पुढे गेलाच नाही. विमान पुठ्ठ्याचं, जत्रेत फोटोसाठी ठेवतात तसलं.

युद्धात जर्मनांनी टाकून दिलेली विमानं जुन्या फोटोंवरून ओळखणं हा माझा धंदा. पूर्वी विमानांचा मेकॅनिक होतो; आता पेणला घरी बसून परदेशातल्या एका म्युझियमचं काम करतो. बायको पाहुण्यांना सांगते, "ह्यांना पार्किंगमधली स्वतःची स्कूटर ओळखता येत नाही." हेही खरंच.

विमान स्टुका दिसत होतं, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारं. पंख मधेच वाकलेले, चाकं कायम बाहेर. सगळं बरोबर. पण शेपटीवरचं स्वस्तिक सरळ होतं. जर्मन ते तिरकं, टोकावर उभं काढत. शिवाय ह्याच्या चार घरांत चार ठिपके. ठिपके देणारा जर्मन मी अजून पाहिलेला नाही.

म्युझियमच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "फेक आहे. रिजेक्ट करा."

करणारच होतो. तरी स्कॅनसाठी फोटो फ्रेमबाहेर काढला आणि खिडकीशी तिरका धरला. स्वस्तिक कागदावर उठून आलं होतं. वरून चढवलेला रंग.

"मावशी, हे रंगवलं कुणी?"

"आयेनं पेणला गणपती रंगवणाऱ्याकडं दिलेला. फोटो पुसट झालेला ना. तो बोलला, हे तिरपं बरं दिसत नाय, नीट करून देतो."

"आणि ठिपके?"

"ते त्यानं फुकट दिलं."

घरी स्कॅनमधला रंग काढत गेलो. खाली तिरकं स्वस्तिक निघालं, आणि विमानाच्या अंगावर ओळखीची अक्षरं. जर्मन प्रत्येक विमानावर अशी वेगवेगळी अक्षरं लिहीत. म्युझियमकडे त्याच अक्षरांचा, दुसऱ्या कुणा सैनिकाने काढलेला फोटो सापडला. पंखाचा तोच फाटका पत्रा, गोळ्यांच्या भोकांची तीच ओळ. शिल्लक जर्मन नोंदींनुसार हे विमान लिबियाच्या वाळवंटात सोडलं होतं. उडण्याच्या लायकीचं ते राहिलंच नव्हतं. म्हणजे त्याच्या शेजारी उभं राहायला माणसालाच लिबियात जावं लागणार.

रिपोर्ट कमिटीपुढे ठेवला. अध्यक्षांनी तो उलटसुलट पाहिला. "विमान खरं, मान्य. पण हा ह्यांचाच बाप कशावरून?"

मावशी उठल्या. फ्रेम स्वतःच्या तोंडाशेजारी धरून उभ्या राहिल्या. तेच नाक. तेच बाहेर आलेले कान.

"अजून काय दाखवू?" त्यांनी विचारलं.

दगडावर नाव आलं. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे तो सोडलेला नाही. फक्त आता फ्रेम उघडल्यावर घेतो.