पऱ्हाटीची काडी

मी पहिलीत होते त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आज येईल, उद्या येईल म्हणत गावानं कापूस घरातच भरून ठेवला. मोठ्या घरवाल्यांचा मागच्या खोलीत गेला. आमचं घर म्हणजे एकच खोली. चूल बाहेर गेली, कापूस अर्ध्या भिंतीपर्यंत चढला अन् आम्ही सगळे त्या ढिगावर झोपायचो. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय गादी! झोपा म्हणावं एक रात्र. सकाळी त्यातल्या बारीक किड्यांनी अंगभर लाल चट्टे अन् अशी खाज, की नखं झिजावीत.

दिवाळीनंतर आमच्या बाई घाटंजीला प्रशिक्षणाला जाऊन आल्या. आता म्हणे खेळातून शिकायचं. शाळेच्या अंगणात त्यांनी फक्कीनं मोठा गोल काढला. हात धरून गोल फिरायचं, आकडे म्हणायचे, अन् बाई जो आकडा ओरडतील तेवढ्यांनी एकमेकांना धरून गट करायचा. पाटी सुटली म्हणून पोरं खूश. मीही हात पुढे केला. शेजारच्या पोरीनं आपला मागे घेतला.

"बाई, मी हिचा हात नाई धरत. हिले खाज हाय."

लेकरं म्हणजे देवाघरची फुलं, असं म्हणणाऱ्याला त्या गोलात उभं करायला पाहिजे होतं. सगळी फुलं एका सुरात ओरडली, "खाजरी! खाजरी!"

बाई रागावल्या नाहीत. खिचडीच्या चुलीपाशी पऱ्हाटीचं सरपण पडलं होतं, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. त्यातल्या दोन काड्या मोडून त्यांनी माझ्या दोन हातांत दिल्या. "एक टोक तू धर, दुसरं ते धरतील. झालं की नाही?" वरून गोड हसल्या. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा.

गट करायची वेळ आली की पोरं काड्या टाकून पळायची अन् मी उरायची. वर्गात वजाबाकी सगळ्यात आधी मला समजली.

मला दुसरं काही नको होतं. कोणीतरी माझा हात धरावा, बस. त्यापायी मी कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ केली, करंजीचं तेल चोळलं. आई म्हणे, "कापूस इकला का जाईन वं खाज." बाप म्हणे, "भाव आला का इकू."

संक्रांतीनंतर साहेब शाळा बघायला येणार होते. बाईंनी आदल्या दिवशीच सगळ्यांना दम दिला, "उद्या काड्या नकोत. हात धरायचे. जो सोडेल त्याची खैर नाही."

अन् खरंच धरला! त्या शेजारच्या पोरीचा हात तिळाच्या लाडवानं चिकट झालेला होता. मी इतकी हरखले की आकडेच विसरले. साहेब म्हणाले, "वा बाई! काय एकोपा आहे!"

साहेबांची जीप वळणाआड गेली अन् बाईंनी साबण काढला. "चला, हात धुवा सगळे." मीही रांगेत लागले. "तू नको गं मधी. तू शेवटी." सगळ्यांचे धुऊन झाले तेव्हा साबणाचा चपटा तुकडा उरला होता. दुसऱ्या दिवशी काड्या परत आल्या.

बाई गावातच एका शेतकऱ्याकडे भाड्यानं राहायच्या. त्याची मागची खोली भरली, तेव्हा शेवटच्या वेच्याचा कापूस त्यानं बाईंच्या खोलीत ओतला. घरमालकाला कोण नाही म्हणणार? शिवरात्रीपर्यंत बाईंच्या बांगड्यांखाली लाल चट्टे दिसायला लागले. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे.

एक दिवस बाई स्वतः खेळायला गोलात आल्या. त्याच पोरीनं त्याच सुरात सांगितलं, "बाई, मी नाई धरत. तुमालेबी खाज हाय."

बाई हसल्या, पण कान लाल झाले. हातावर पदर ओढून त्या पुढच्या पोराकडे गेल्या. त्यानं हात पाठीमागे नेले. मग त्याच्या पुढच्यानं. गोलभर फिरून त्या शेवटी माझ्यापाशी आल्या.

"चल गं, आपण दोघी धरू," त्या हळूच म्हणाल्या अन् हात पुढे केला.

पहिल्यांदाच कोणीतरी आपणहून माझा हात मागत होतं. जीव नुसता तुटत होता माझा त्या हातासाठी. हिरव्या बांगड्या, खाजवून सोललेलं मनगट, अन् तळवा माझ्याकडे उघडा. मी बघत राहिले. मग मी काडी पुढे केली.

"बाई, एक टोक तुमी धरा."

बाईंनी धरलं. पोरांनी आकडे म्हणायला सुरुवात केली अन् आम्ही सगळे गोल फिरू लागलो.