झऱ्याचा कठडा

मी बहरीनला निघाले तेव्हा सगळ्यांनी खजूर आणायला सांगितलं. वडिलांनी, आमच्या अण्णांनी, मात्र तांब्याचा रिकामा गडू हातात ठेवला. तरुणपणी ते तिथे गवंडी होते. बुदैया रस्त्यावरच्या एका जुन्या गावात त्यांनी झऱ्याला दगडी कठडा बांधला आणि पहिला उन्हाळा त्याच पाण्यावर काढला. "शेवटी माझ्या तोंडात गंगाजल नको, त्या ऐनचं (झऱ्याचं) पाणी घाल," म्हणाले. विमानतळावर तपासनिसाने गडू उलटासुलटा करून पाहिला, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझा भाऊ संजू तिथे जिदहफ्सला राहतो, ड्रायव्हर आहे. शुक्रवारी त्याच्या गाडीतून निघालो. रस्त्याच्या एका अंगाला नवे बंगले, दुसऱ्या अंगाला शेंडे झडलेली खजुरीची खोडं. गावातली मशीद जुनी, तिच्यामागच्या घरांच्या भिंती समुद्रातून काढलेल्या दगडांच्या. कोपऱ्यावर खुब्ज (भट्टीतली रोटी) घेतली आणि घाईत बोटं भाजून घेतली.

कठडा मी लांबूनच ओळखला. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे तीन बाजूंनी पायऱ्या. गडू घेऊन वाकले आणि हबकलेच. खाली भेगाळलेली माती आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. थेंबभर पाणी नाही. बापाचं एक मागणं, तेही आता पुरं व्हायचं नव्हतं. मला रडूच आलं.

कठड्यावर एक म्हातारे हाजी बसले होते. संजूने हिंदीत विचारलं. ते लहानपणी इथेच पोहायला शिकले होते. मग बागाबागांत पंप आले.

"पानी मफी (नाही)," ते मला म्हणाले. "सब ने पंप चलाया, नीचे किसी ने नहीं देखा. फिर खलास."

घरच्या नळाचं पाणी भरून देतो म्हणाले, पण ते समुद्राचं, मीठ काढलेलं. हे ऐकून मी आणखीच गार पडले. गडू रिकामाच परत आणला.

घरी अण्णांनी गडू हलवून पाहिला. मी सगळं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"कठडा?"

"जसाच्या तसा आहे. म्हातारी माणसं बसतात त्यावर."

परसात विहिरीवरचा पंप चालू होता आणि टाकी रोजच्यासारखी भरून वाहत होती.

"मग आपल्याच विहिरीचं घाल," अण्णा म्हणाले. "पण आधी तो पंप बंद कर गो."

मी धावले. बटण बंद केलं आणि कितीतरी वर्षांनी आमच्या विहिरीत वाकून पाहिलं. पाणी कुठे आहे ते दिसायला वेळ लागला.