चढावरचा दगड

क्लच प्लेट जळाल्याचा वास आला की भोकरच्या रस्त्यावरचा तो चढ आठवतो. ट्रक शिकायला लागून आठवडा झाला होता आणि त्या चढावर भरलेली गाडी माझ्याकडून दोनदा मागे घसरली होती. "आता मागं आली तर बिस्तरा उचल अन् घरी जाय," उस्ताद म्हणाले आणि मागच्या चाकाला दगड लावायला उतरले. केबिनमध्ये मी एकटा उरलो. "लावला का, उस्ताद?" "हाव, सोड क्लच!" दगडाच्या भरवशावर मी क्लच हळूहळू सोडला. गाडी थरथरली आणि वर चढली. आरशात पाहिले, तर उस्ताद कडेला उभे होते आणि दगड त्यांच्या हातातच होता. आता मी लातूरपर्यंत एकटाच माल नेतो. चढावर थांबावे लागले की अजूनही तोंडातून "लावला का?" निघते. मागून कुणी हाव म्हणत नाही.