आईची ईद दुसऱ्या दिवशी

आमच्या फ्रीमाँटच्या घरात ईद कधी, हे चंद्र ठरवत नाही, मशीदही ठरवत नाही. फ्रिजशेजारी टांगलेलं मराठी कॅलेंडर ठरवतं. ते दरवर्षी मामी रत्नागिरीहून पाठवते. वर गणपती, खाली संकष्टी, एकादशी, आणि वर्षागणिक सरकत जाणारी ‘रमजान ईद’. ती तारीख भारतातली, म्हणजे इथल्या मशिदीपेक्षा बहुतेक वेळा एक दिवस उशिराची. हे आईला किती वर्षं सांगतेय. पालथ्या घड्यावर पाणी.

मी सोळा वर्षांची असताना मशिदीतल्या मुलींनी मला पहिल्यांदा आपल्यात घेतलं. तोवर मी संशयित होते: घरी उर्दू नाही, आणि आईला चक्क ‘आई’ म्हणते. मराठी मंडळात याच्या उलट. “अय्या, किती छान मराठी बोलतेस गं.” काकू, मग काय भुंकू? तर ईदच्या नमाजानंतर आम्ही मुलींनी पोपटी स्कार्फ बांधून डोनट वाटायचे होते. मी माझ्या स्कार्फला तीनदा इस्त्री केली.

आदल्या संध्याकाळी मशिदीचा मेसेज आला, उद्या ईद. आईने कॅलेंडर बघितलं.

“ईद परवा आहे. उद्या रोजा.”

“आई, ईदच्या दिवशी रोजा हराम असतो.”

“मला शिकवू नकोस. मी तुझ्या आधीपासून मुसलमान आहे.”

अब्बांनी नेहमीप्रमाणे दोन्ही ईदना मान्यता दिली. त्यांचा धर्म त्या बाबतीत शिरखुर्म्याशी बांधलेला आहे.

सकाळी मी अब्बांबरोबर गेले, डोनट वाटले, फोटोत मधोमध उभी राहिले. इतका आनंद मला त्याआधी कुठल्या ईदला झाला नव्हता. मग एकीने विचारलं, आई कुठे आहे? गणपतीच्या कॅलेंडरवर विश्वास ठेवून ती उपाशी बसलीय, हे सांगितलं असतं तर स्कार्फ परत करावा लागला असता. मी म्हटलं, आजारी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. चार मुली दारात, हातात सूपचा डबा. आजाऱ्याला भेटणं म्हणजे सवाब, पुण्यच. दार उघडलं आईनेच, जरीची साडी नेसून, हातात डाव.

“ईद मुबारक. या, बसा.”

मुली आधी आईकडे, मग कॅलेंडरकडे, मग माझ्याकडे बघायला लागल्या. धरणीने पोटात घ्यावं तर खाली गॅरेज होतं.

“सूप कशाला आणलंय?” आईने मला मराठीत विचारलं.

“मी सांगितलं, तू आजारी आहेस.”

“माझी लाज वाटली?”

“हो,” मी म्हटलं. तिचा चेहरा पडला, आणि मला माझीच इतकी चीड आली की मी मुलींना इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. ती ठणठणीत आहे. ते आमचं कॅलेंडर. आमच्याकडे ईद आज असते.

त्यातल्या इजिप्तच्या मुलीने शांतपणे खुर्ची ओढली. तिचे काका सौदीचा चांद मानतात आणि वडील स्वतःच्या डोळ्यांचा. दोघे ईदला एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणाली. बाकीच्याही बसल्या.

आईने सगळ्यांना शिरखुर्मा वाढला. माझी पाळी शेवटी आली. तिने डबा उघडला आणि माझ्या वाटीत सूप ओतलं.

“घे,” म्हणाली. “आजारी तूच आहेस.”